ताबा आणि तहनामा : साष्टीची साडेसात वर्षे

१७७४ चा डिसेंबर सरत असताना मुंबईकर इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला हल्ला करून घेतला आणि त्यासोबत सारे साष्टी बेट त्यांच्या हाती गेले. ते बेट कायद्याने कोणाचे, हे ठरायला मात्र १७८२ चा सालबाईचा तह यावा लागला. मधल्या साडेसात वर्षांत साष्टी सुरतेत देऊन टाकली गेली, पुरंदरच्या तहात सशर्त ठेवली गेली, वडगावला परत करण्याचे कबूल झाले आणि ते कबूल करणे मुंबईने मानलेच नाही. एवढ्या उलथापालथीत ठाण्याच्या किल्ल्यावरचे निशाण एकदाही बदलले नाही. सारा गोळा करणारा माणूस कंपनीचाच राहिला.

या पुस्तकाचा विषय ही साडेसात वर्षे आणि त्यांच्या मागेपुढे पसरलेला काळ हा आहे. आपल्याकडे या काळाला पहिले इंग्रज-मराठे युद्ध म्हणतात आणि बोरघाटाची चढाई, वडगावची कोंडी, महादजी शिंद्यांचा मुत्सद्दीपणा, नाना फडणीसांची चिकाटी यांवर नजर खिळलेली असते. ते सारे सांगण्यासारखेच आहे. पण ज्या जमिनीवरून हे युद्ध पेटले ती जमीन, तिच्यावरची गावे आणि तिथला कारभार पहिल्या दोन-चार ओळींनंतर दिसेनासा होतो. ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात आज लाखो मराठी माणसे राहतात. त्यांच्या पायाखालच्या भूमीवर एका बाजूला ताबा आणि दुसऱ्या बाजूला हक्क अशी फारकत कशी झाली, आणि शेवटी ती कशी मिटवली गेली, हे त्यांना ठाऊक असायला हवे असे मला मनापासून वाटते. व्याप्त प्रदेशाचा प्रश्न म्हटला की आपण वर्तमानपत्रातल्या दूरच्या नकाशाकडे पाहतो. त्याचे आरंभापासून शेवटापर्यंत कागदोपत्री सापडणारे एक उदाहरण खाडीच्या काठावर पडले आहे.

लढाईत घेतलेल्या मुलखाबाबत आज आंतरराष्ट्रीय नियम आहेत. १९०७ च्या हेग नियमावलीनुसार शत्रुसैन्याच्या प्रत्यक्ष अमलाखाली आलेला प्रदेश हा व्याप्त प्रदेश ठरतो, आणि व्यापणाऱ्याने तिथले चालू कायदे, अगदीच अशक्य नसेल तर, तसेच पाळायचे असतात. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराने तिथल्या नागरिकांच्या संरक्षणाची भर घातली. १७७४ मध्ये यातले काहीही नव्हते. पण विचार नव्हता असे म्हणता येणार नाही. १७५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वात्तेल या स्विस विधिज्ञाच्या ग्रंथात लढाईत घेतलेल्या मुलखावरचा हक्क तहाने पुरा होतो हे तत्त्व आहे. पुण्याच्या दरबाराला ते शिकवण्याची गरज नव्हती. किल्ला घेणे वेगळे आणि त्याची सनद वेगळी, हे पेशवाईतला कोणताही कारकून जाणत होता.

साष्टीवर हक्क सांगणारे तिघे होते. गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने डिसेंबर १५३४ मध्ये वसई आणि तिच्याखालचा मुलूख पोर्तुगीजांना दिला, त्यात साष्टी आणि मुंबईची बेटे आली. पुढे पोर्तुगालच्या राजकन्येच्या विवाहाच्या करारात मुंबई इंग्रज राजाला मिळाली. तेव्हाच इंग्रजांच्या वतीने आलेल्यांनी साष्टी आणि ठाणे ही मुंबईचीच अंगे आहेत असा दावा लावून पाहिला. गोव्याच्या व्हाइसरॉयने तो फेटाळला आणि १६६५ मध्ये इंग्रजांच्या हाती आली ती मुंबईच. म्हणजे ठाण्यावर इंग्रजांची नजर किल्ला घेण्याच्या शंभर वर्षे आधीपासूनची आहे.

१७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतलेला तिथला किल्ला तेव्हा पुरा झालेलाही नव्हता. अणजूरच्या गंगाजी नाईकांसारख्या स्थानिक मंडळींनी या मोहिमेसाठी किती खटपट केली हे ठाणे-भिवंडीच्या घरांतून अजून सांगितले जाते. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांपुढे वसई शर्तींवर खाली झाली, पुढल्या वर्षी पोर्तुगीजांनी चौलही सोडले. वसईच्या सरसुभ्यावर शंकराजी केशव फडके बसले. कल्याणच्या सुभ्यात रामाजी महादेव बिवलकरांचा अंमल गाजला. ठाण्याच्या कोपिनेश्वराच्या जीर्णोद्धाराशीही त्यांचेच नाव जोडले जाते. हा कारभार पस्तीस-सदतीस वर्षे चालला. तो लष्करी तळापुरता नव्हता. जमाबंदी, इनामे, वतने, देवस्थाने असा गावागावांत रुजलेला होता. लिस्बनला मात्र उत्तरेकडचा हा प्रांत परत मिळवण्याची आशा सुटली नव्हती, आणि ती आशाच इंग्रजांच्या कामी आली.

मुंबईला साष्टी हवी होती, कारण मुंबई स्वतःच्या पायावर उभी नव्हती. बेटावर पुरेसे धान्य पिकत नव्हते, इलाख्याचा खर्च उत्पन्नात भागत नव्हता आणि बंगालकडून पैसे आणावे लागत होते. बंदराच्या पाठीशी असलेला मुलूख परक्याच्या हाती, याची धास्तीही होती. १७७२ पासून कंपनीचा वकील थॉमस मॉस्टिन पुण्यात बसून साष्टी-वसई मिळते का हे चाचपत होता. ऑगस्ट १७७३ मध्ये पेशवे नारायणरावांचा खून झाला, एप्रिल १७७४ मध्ये त्यांचे पुत्र सवाई माधवराव यांचा जन्म झाला, त्या तान्ह्या मुलाला पेशवाईची वस्त्रे मिळाली आणि पुण्यातल्या कारभाऱ्यांच्या गटाने, म्हणजे बारभाईंनी, कारभार हाती घेतला. पेशवेपदावर हक्क सांगणारे, पण बाहेर फेकले गेलेले रघुनाथराव इंग्रजांशी बोलू लागले. मदत त्यांना हवी होती, पण साष्टी आणि वसई द्यायला तेही तयार नव्हते. हा नकार विसरून चालणार नाही, कारण पुढे त्यांच्याच सहीवर सारी इमारत उभी राहिली.

एवढ्यात गोव्याकडून पोर्तुगीज आरमार साष्टी परत घ्यायला येत असल्याची बातमी मुंबईला लागली. १७७३ च्या रेग्युलेटिंग ॲक्टने युद्ध आणि तहाचा अधिकार कलकत्त्याच्या गव्हर्नर-जनरलच्या कौन्सिलकडे दिला होता. मुंबईला तो वापरायचा तर दोनच पळवाटा होत्या, तातडीचा प्रसंग किंवा थेट विलायतेचा हुकूम. पोर्तुगीज गलबतांनी तातडी पुरवली. गव्हर्नर विल्यम हॉर्नबीच्या कौन्सिलने जनरल गॉर्डनला फौजेनिशी धाडले. वेढ्यात कमोडोर वॉटसन प्राणघातक जखमी झाला, इंग्रजांचा पहिला हल्ला उधळला गेला, दुसरा यशस्वी झाला आणि आत शिरलेल्या फौजेने किल्ल्यातल्या शिबंदीची मोठी कत्तल केली. दारात आलेल्या पोर्तुगीजांनी मुलूख आमचा आहे असा निषेध नोंदवला. तो कागदावरच राहिला.

आता घटनांचा क्रम पाहावा. ठाणे पडले डिसेंबर १७७४ मध्ये. रघुनाथरावांनी सुरतेच्या तहाने साष्टी आणि वसई कंपनीला कायमची लिहून दिली मार्च १७७५ मध्ये. ताबा आधी आला, संमती नंतर. ती संमती देणारा माणूस तेव्हा पेशवा होता का? वस्त्रे सवाई माधवरावांच्या नावाने झाली होती. रघुनाथराव स्वतःला पेशवा म्हणवत होते, इंग्रजांनी तसे मानले, कारण तसे मानले तरच कागदाला किंमत येत होती. व्याप्त मुलखाच्या इतिहासात ही गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. जमीन आधी घेतली जाते आणि मग ती देण्याचा अधिकार असलेला माणूस शोधला जातो.

कलकत्त्याने हा उद्योग कळताच त्याला अन्याय्य आणि विनापरवाना ठरवले. वॉरन हेस्टिंग्जचे कौन्सिल आतून दुभंगलेले होते, पण मुंबईने अधिकार ओलांडला यावर त्याचे दुमत नव्हते. कर्नल अप्टनला पुण्याच्या कारभाऱ्यांशी तह करायला पाठवले. आणि तरीही अप्टनची पहिली मागणी साष्टी ठेवण्याची, होईल तर वसईही मिळवण्याची होती. सखारामबापू आणि नाना फडणीस यांनी त्याला सरळ विचारले, की युद्ध जर अन्याय्य होते असे तुम्हीच म्हणता, तर त्याचे फळ तुमच्याकडे कसे राहते? या साऱ्या वाटाघाटींत मला हा सर्वांत नेमका प्रश्न वाटतो. अप्टनपाशी त्याला उत्तर नव्हते, ठाण्यात फौज होती.

१ मार्च १७७६ च्या पुरंदरच्या तहात साष्टीचे कलम त्या प्रश्नाच्या सावलीत लिहिलेले दिसते. साष्टी इंग्रजांकडे राहावी, किंवा कलकत्त्याची मर्जी असेल तर तीन लाखांच्या मुलखाच्या बदल्यात परत द्यावी, असे ते होते. म्हणजे हक्काचा निवाडा ज्याचा ताबा त्याच्याच मर्जीवर सोपवला गेला. वसई मराठ्यांकडेच राहिली. रघुनाथरावांची साथ सोडण्याचे इंग्रजांनी कबूल केले. त्याच वर्षी विलायतेहून संचालकांचे पत्र आले. सुरतेच्या तहाने मिळालेला मुलूख ठेवावा, असा त्याचा आशय होता. एकाच कंपनीच्या तीन कचेऱ्या, मुंबई, कलकत्ता आणि लंडन, एकाच बेटाबद्दल तीन वेगळ्या गोष्टी सांगत होत्या. पुण्याने यातल्या कोणाचे बोलणे कंपनीचे बोलणे मानायचे? साष्टीचे घोंगडे असे भिजत पडले.

रघुनाथरावांना घेऊन पुण्यावर निघालेली मुंबईची फौज जानेवारी १७७९ मध्ये वडगावला कोंडली गेली. तिथे झालेल्या करारात १७७३ नंतर मुंबईने घेतलेला मुलूख, अर्थात साष्टीही, परत करण्याचे ठरले. करारावर सही करणाऱ्या कारनॅकने कलकत्त्याच्या संमतीवाचून आपल्याला असा अधिकार नाही असे आधीच म्हटले होते. मुंबईने आणि मग हेस्टिंग्जने नेमके तेच कारण देऊन करार झटकला. कारनॅक आणि फौजेचा अधिकारी एगर्टन यांना नोकरी गमवावी लागली. सैन्य मात्र त्याच कराराच्या आधारे सुखरूप परतले होते. विनाअधिकार केलेला करार बांधील नसतो, हे तत्त्व मान्य करू. मग त्याच मुंबईने विनाअधिकार घेतलेले ठाणे कसे बांधील ठरते? अधिकाराचे माप दोन ठिकाणी वेगळे लावले गेले, आणि दोन्ही वेळा साष्टी कंपनीकडेच राहिली.

इथे कल्याण कथेत येते आणि विषय खऱ्या अर्थाने खुलतो. मे १७८० मध्ये इंग्रजांनी कल्याण घेतले. मराठ्यांनी ते परत घेण्याचा जोर केला तेव्हा कंपनीच्या फौजेतल्या हार्टलेने ते राखले. मलंगगडाच्या पायथ्यापासून वज्रेश्वरीपर्यंतचा मुलूख वर्षभर फौजांच्या पायांखाली होता. डिसेंबर १७८० मध्ये इंग्रज सेनापती गॉडर्डने वसई घेतली आणि त्याच सुमारास दुगाडच्या लढाईत रामचंद्र गणेश कानडे पडले. पुढल्या एप्रिलमध्ये हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांनी घाटाखाली उतरणाऱ्या गॉडर्डला पनवेलपर्यंत झोडपत नेले, तरी कल्याण आणि वसई इंग्रजांकडेच होती. म्हणजे १७८१ च्या नकाशावर ठाणे आणि कल्याण यांची स्थिती अगदी सारखी होती. दोन्ही लढाईत घेतलेली, दोन्हीवर पुण्याचा दावा कायम.

१७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहाने मात्र त्यांची ताटातूट केली. महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने आणि कंपनीच्या डेव्हिड अँडरसनच्या सहीने झालेल्या या तहाची कसोटी साधी होती. पुरंदरच्या तहानंतर घेतलेले ते परत. म्हणून कल्याण आणि वसई मराठ्यांना मिळाली. साष्टी, घारापुरी, कारंजा आणि आणखी एक लहान बेट इंग्रजांकडे कायम झाले. ज्या पुरंदरच्या तहाला मुंबईने कधी मनापासून मानले नाही, ज्याला लंडनच्या पत्राने निर्जीव केले, ज्यावर वडगावने आणखी माती लोटली, तोच कागद ठाणे आणि कल्याण यांच्यामधली रेघ ओढून गेला. नानांनी तहावर मोहोर उमटवायला १७८२ चा डिसेंबर येऊ दिला. त्यांना काय सोडावे लागत होते हे त्यांना पुरेपूर कळत होते.

ती रेघ पुढे पस्तीस वर्षे खरी सरहद्द होती. ठाण्याहून कळव्याकडे जाणारी लोकल आज जिथे खाडी ओलांडते तिथे १८१७ पर्यंत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणे होत होते. अलीकडे कंपनी, पलीकडे कळवा, डोंबिवली, कल्याण पेशव्यांची. घाटमाथ्यावरून कल्याणला उतरून उल्हासातून खाली येणाऱ्या मालाला ही हद्द ओलांडावी लागे. १८१५ मध्ये गंगाधरशास्त्र्यांच्या खुनानंतर इंग्रजांनी पेशव्यांच्या त्रिंबकजी डेंगळ्यांना ताब्यात घेतले तेव्हा कैदेसाठी ठाण्याचा किल्लाच निवडला, आणि पुढल्या वर्षी सप्टेंबरात ते तिथून निसटले. खाडी ओलांडली की आपला मुलूख, याचा हिशेब त्यांनी केलाच असणार.

कारभाराबद्दल दोन शब्द. व्यापलेल्या मुलखात बंदुकीपेक्षा वसुलीची वही अधिक काम करते. ठाण्यात कंपनीने आपला अधिकारी बसवला, पण गावचा पाटील, गावचा हिशेब आणि आकारणीचे जुने माप एका रात्रीत बदलणे तिला शक्यही नव्हते आणि परवडणारेही नव्हते. रयतेच्या दृष्टीने पहिला बदल एवढाच, की हप्ता दुसऱ्या कचेरीत भरायचा. तो एकदा भरला, पावती मिळाली, दुसऱ्या वर्षी पुन्हा भरला, की वहिवाट तयार होऊ लागते. सालबाईच्या वेळी साष्टीत सात हंगामांची वहिवाट जमली होती. कल्याणात दोनच हंगामांची, तीही सतत लढाईत मोडलेली. तहातली कसोटी पुरंदरची होती हे खरे, पण हातात मुरलेला मुलूख सोडायला कोणी तयार नसतो हेही त्यामागे होते, असे माझे मत आहे. न्यायदानाची रीतसर घडी साष्टीत बसायला अठरावे शतक संपत आले. म्हणजे पैसा आधी, कोर्ट नंतर.

जून १८१७ च्या पुणे तहाने दुसऱ्या बाजीरावांनी कल्याणसह उत्तर कोकण सोडले तेव्हा इंग्रजी कचेरी ठाण्यात आयती होती. जुना, मोठा आणि नावाजलेला सुभा कल्याणचा, पण जिल्हा झाला ठाण्याचा. आज कल्याणच्या माणसाला जिल्ह्याच्या कामासाठी ठाणे गाठावे लागते, त्याचे मूळ या ताब्यात आहे.

आता या पुस्तकात दादरा आणि नगर हवेली का, असा प्रश्न वाचकाला पडेल. जुन्या ठाणे जिल्ह्याच्या, आताच्या पालघरच्या, उत्तर टोकाला लागून असलेला हा प्रदेश. साष्टीसाठी इंग्रजांशी लढाई चालू असतानाच, १७७९ च्या डिसेंबरात, पुण्याने पोर्तुगीजांशी तह केला आणि मैत्रीखातर दमणजवळच्या बारा हजारांच्या उत्पन्नाची गावे द्यायचे कबूल केले. १७८३ आणि १७८५ मध्ये ती प्रत्यक्ष दिली गेली. साष्टीवर दावा सांगणाऱ्या जुन्या शत्रूला त्या लढाईत दूर ठेवण्याची ती किंमत होती असे मी मानतो.

१९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये आझाद गोमंतक दल आणि इतर गटांच्या स्वयंसेवकांनी हा प्रदेश मुक्त केला. सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे, राजा वाकणकर, विश्वनाथ लवंदे ही नावे त्यात आहेत, आणि परुळेकरांच्या किसान सभेने उभे केलेले वारली लढवय्येही आहेत, ज्यांचा उल्लेख फार कमी होतो. पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. भारताच्या बाजूने मोतीलाल सेटलवाड उभे राहिले. तिथे न्यायाधीशांपुढे १७७९ चा तह आणि पेशव्यांच्या सनदा उलगडल्या गेल्या. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने म्हटले, की मराठ्यांनी दिले ते उत्पन्न, राज्य नव्हे. पोर्तुगालचे सार्वभौमत्व पुढे इंग्रजांनी मान्य केल्याने उभे राहिले. खासगी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाट होती, सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रांना नव्हती. सैन्याच्या प्रश्नावर मते आठ विरुद्ध सात पडली. भारताने आपले कर्तव्य मोडले नाही, हे नऊ विरुद्ध सहा मतांनी ठरले.

१९५४ ते १९६१ तिथला कारभार वरिष्ठ पंचायतीने चालवला. पोर्तुगीज तिकिटांवर नवे शिक्के मारून टपाल चालू ठेवले. तिरंगा फडकत होता, पण भारताच्या राज्यघटनेत या प्रदेशाला जागा नव्हती. शेवटी बदलानी या सनदी अधिकाऱ्याला तिथला पंतप्रधान नेमले गेले, कारण विलीनीकरणाच्या करारावर नेहरूंच्या समोर सही करायला कोणी राज्यप्रमुख हवा होता. दहाव्या घटनादुरुस्तीने ११ ऑगस्ट १९६१ पासून तो भारताचा केंद्रशासित प्रदेश झाला. माणसे आपली, हेतू मुक्तीचा, आणि ठाण्याच्या १७७४ शी त्याची नैतिक तुलना होऊच शकत नाही. तरी कागदाचा प्रश्न तिथेही उभा राहिला, आणि आपल्या लोकांनी तो टाळला नाही, सात वर्षे थांबून सोडवला. याचा मला अभिमान वाटतो.

वाचकांनी हे पुस्तक वाचताना तहांची कलमे सर्वांत आधी वाचावीत, लढायांची वर्णने मागाहून. कंपनीचे कागद इंग्रजीत विपुल छापलेले आहेत, पोर्तुगीज बाजू पांडुरंग पिसुर्लेकरांच्या आयुष्यभराच्या कामामुळे आपल्यापर्यंत आली, पुण्याची बाजू पेशवे दप्तरात आहे. यांत साष्टीच्या कुणब्याचा, कोळ्याचा, आगऱ्याचा, तिथल्या ख्रिस्ती शेतकऱ्याचा आवाज जवळजवळ नाही. कोणत्याही तहाने त्यांना विचारले नाही. गावोगावच्या जुन्या घरांत आणि चर्चच्या नोंदवह्यांत काही हाती लागले तर ते काम तरुण अभ्यासकांनी करायला हवे.

पोर्तुगालने या किनाऱ्यावरचा आपला दावा अखेर ३१ डिसेंबर १९७४ रोजी दिल्लीत सोडला, ठाणे पडल्याला दोनशे वर्षे होत असताना. भारताच्या वतीने सही परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाणांची आहे. गोवा, दमण, दीव आणि दादरा-नगर हवेली यांवरचे भारताचे सार्वभौमत्व, ते प्रदेश राज्यघटनेनुसार भारताचे भाग झाले त्या तारखांपासून, पोर्तुगालने त्यात मान्य केले. त्यामुळे दादरा-नगर हवेलीसाठी ती तारीख १९६१ ची ठरली. १९५४ पासूनच्या सात वर्षांना त्या करारातही नाव मिळालेले नाही.